सुटे सूर आणि सलग बोलणे : चिनी भाषेच्या अध्ययनातील सूरदोषांची चिकित्सा

१. प्रस्तावना

चिनी भाषेचा पहिला पाठ बहुतेक पाठ्यपुस्तकांत एकाच अक्षराने सुरू होतो. ‘मा’ हे अक्षर उंच व सपाट सुरात म्हटले तर त्याचा अर्थ ‘आई’ असा होतो. चढत्या सुरात म्हटले तर तेच तागासारखे धागे देणारी एक वनस्पती दर्शविते. खाली उतरून पुन्हा चढणाऱ्या सुरात ते ‘घोडा’ होते आणि वरून झपाट्याने खाली येणाऱ्या सुरात ‘शिव्या देणे’. या चार शब्दांशेजारी चार रेषांची एक आकृती छापलेली असते. विद्यार्थी ती आकृती पाहून पुन:पुन्हा उच्चार करतो आणि काही आठवड्यांत चारही सूर वेगवेगळे म्हणू लागतो. पुढे मात्र एक विचित्र अनुभव येतो. सुटी अक्षरे बिनचूक म्हणणारा हाच विद्यार्थी पूर्ण वाक्य बोलू लागला की त्याचे सूर विस्कटतात. ऐकणारा चिनी मनुष्य थबकतो, वाक्य पुन्हा म्हणायला सांगतो आणि शिक्षक म्हणतात, ‘सूर चुकले.’

हे सूर नेमके कशाच्या तुलनेत चुकले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ‘चिनी’ या शब्दाने येथे फुथुंगह्वा, म्हणजे मँडरिनचे प्रमाण रूप अभिप्रेत आहे. शिकणाऱ्यांचे उच्चार ज्या चार आकृत्यांशी ताडून पाहिले जातात, त्या आकृत्या सुट्या अक्षरांच्या आहेत. मातृभाषक स्वत: सलग बोलताना त्या आकृत्या फार थोड्या वेळा जशाच्या तशा काढतात. म्हणून वर्गातील अध्यापन आणि त्यावरील संशोधन या दोहोंनी चुकीची व्याख्या तपासून घेण्याची गरज आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

लेखात चिनी शब्द देवनागरीत दिले असून शब्दापुढील आकडा मूळ सूर दाखवितो : १ उंच सपाट, २ चढता, ३ नीच किंवा उतरून चढणारा, ४ पडता. आकडा नसल्यास ते अक्षर निराघात, म्हणजे ‘हलक्या’ सुरातील समजावे.

२. पाच पायऱ्यांची मोजपट्टी

सुरांच्या आधुनिक वर्णनाचा पाया युएन रेन चाओ यांनी १९३० मध्ये घातला. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या पट्ट्याचे त्यांनी पाच पायऱ्यांत विभाजन केले. सर्वांत खालची पायरी १ आणि सर्वांत वरची ५. या मोजपट्टीनुसार पहिला सूर ५५, दुसरा ३५, तिसरा २१४ आणि चौथा ५१ असा लिहिला जातो. या पद्धतीची गुणवत्ता वादातीत आहे. पुरुषाचा जाड आवाज आणि मुलाचा बारीक आवाज या दोहोंना एकच मोजपट्टी लागू पडते, कारण ती प्रत्यक्ष कंपनसंख्या मोजीत नाही. प्रत्येकाच्या स्वत:च्या पट्ट्यातील सापेक्ष स्थान तेवढे मोजते. म्हणूनच आशिया व आफ्रिकेतील अनेक सूरप्रधान भाषांच्या वर्णनासाठी तिचा स्वीकार झाला.

तथापि या आकड्यांचा पुढे जो उपयोग झाला, तो तपासून पाहण्याजोगा आहे. १९४८ च्या ‘मँडरिन प्रायमर’ या पाठ्यपुस्तकात आणि १९६८ च्या व्याकरणग्रंथात चाओ यांनी सुट्या सुरांबरोबरच त्यांच्या बदलांचेही तपशीलवार वर्णन केले आहे. तिसऱ्या सुराचे अर्धे रूप, दोन चौथे सूर लागोपाठ आल्यास पहिल्याचे अपुरे पडणे, हलक्या सुराची आधीच्या अक्षरानुसार बदलणारी उंची हे सर्व त्यांनी नोंदविले. वाक्याची सुरावली आणि अक्षराचा सूर यांचे नाते त्यांनी मोठ्या लाटेवरील लहान तरंगांच्या उपमेने समजावले. परंतु त्यांच्यानंतरच्या वर्गखोल्यांनी तरंगांची आकृती भिंतीवर लावली आणि लाट मागे राहिली. दोष मोजपट्टीचा नाही. तिच्यातील केवळ पहिले पान वाचले गेले, हा दोष आहे.

११ फेब्रुवारी १९५८ रोजी चीनमध्ये अधिकृत मान्यता मिळालेल्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीने हा प्रश्न नकळत अधिक अवघड केला. पिनयिनमध्ये अक्षरावर मूळ सुराची खूण केली जाते. बोलताना होणारा तिसऱ्या सुराचा बदल लेखनात दाखविला जात नाही. त्यामुळे विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे एक सूर असतो आणि कानांवर दुसरा पडतो. केवळ लिपी बदलल्याने हा प्रश्न सुटेल असे मात्र नाही. सूर खुणांऐवजी अक्षरांच्या वर्णलेखनातच गुंफणारी दुसरी रोमन पद्धती १९२८ मध्ये स्वीकारली गेली होती आणि चाओ तिचे पुरस्कर्ते होते. तिच्या आधारे शिकलेल्या विद्यार्थ्यांचे सूर पिनयिनने शिकलेल्यांपेक्षा अधिक अचूक नसल्याचे स्कॉट मॅकगिनिस यांच्या १९९७ च्या तुलनात्मक अभ्यासात आढळले.

३. मातृभाषकांचे सलग बोलणे

सलग बोलण्यात सुरांमध्ये होणारे बदल दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

पहिला प्रकार नियमबद्ध सूरसंधीचा. दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला दुसऱ्या सुरासारखा होतो. ‘नी-३ हाव-३’ हे सर्वपरिचित अभिवादन प्रत्यक्षात ‘नी-२ हाव-३’ असे उच्चारले जाते. ‘माय-३ मा-३’ (घोडा विकत घेणे) आणि ‘माय-२ मा-३’ (घोडा पुरणे) हे शब्दबंध यामुळे कानाला सारखेच लागतात. विल्यम वांग व ली कुंगफू यांनी १९६७ मध्ये अशा जोड्या मातृभाषकांना ऐकविल्या, तेव्हा त्यांना त्या केवळ ऐकून वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. ‘नाही’ या अर्थाच्या ‘पू-४’ या अक्षराचा सूर चौथ्या सुरापूर्वी दुसरा होतो. म्हणून ‘नको’ या अर्थाचे ‘पू-४ याव-४’ हे ‘पू-२ याव-४’ असे ऐकू येते. ‘एक’ या अर्थाच्या ‘ई-१’ चीही अशीच स्थित्यंतरे होतात. संधी कोठपर्यंत पोहोचेल हे वाक्यरचनेवर आणि गतीवर अवलंबून असते. ‘लाव ली माय हाव च्यौ’ (म्हातारा ली चांगली दारू विकत घेतो) या वाक्यातील पाचही अक्षरे मुळात तिसऱ्या सुराची आहेत. सावकाश बोलताना ‘लाव ली’ आणि ‘हाव च्यौ’ या दोन गटांतच संधी होतो, तर झपाट्याने बोलताना पहिली चारही अक्षरे दुसऱ्या सुरात जाऊ शकतात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिसरा सूर २१४ या पूर्ण रूपात मुख्यत: विरामापूर्वी किंवा सुटा उच्चारतानाच येतो. ‘पेइ-३ चिंग-१’ (बीजिंग), ‘मेइ-३ क्वो-२’ (अमेरिका), ‘मी-३ फान-४’ (भात) या शब्दांत तिसरा सूर केवळ खाली जातो आणि खालीच राहतो. त्याची चढती शेपटी गळून पडते. म्हणजे पाठ्यपुस्तकातील चार आकृत्यांपैकी सर्वांत लक्षवेधी आकृती ही बोलण्यात सर्वांत कमी वाट्याला येणारी आहे.

दुसरा प्रकार सहोच्चारणाचा. हा कोणत्याही व्याकरणनियमाचा भाग नसून स्वरतंतूंच्या मर्यादेचा परिणाम आहे. आवाजाची उंची एका क्षणात बदलता येत नाही. वरून खाली किंवा खालून वर जाण्यास काही काळ लागतोच. यी श्यू यांनी १९९४ व १९९७ च्या प्रयोगांतून दाखविले की, प्रत्येक अक्षराचा सूर आधीच्या अक्षराचा सूर जेथे संपला तेथून सुरू होतो आणि आपल्या लक्ष्याकडे सरकत जातो. आधीच्या अक्षराचा पुढच्यावर होणारा परिणाम मोठा असतो. पुढच्याचा आधीच्यावर होणारा परिणाम लहान आणि बहुधा उलट दिशेचा असतो. शेजारचे सूर परस्परविरोधी असतील तर मधल्या अक्षराचा आकार इतका बदलतो की ते अक्षर ध्वनिफितीतून कापून वेगळे ऐकविल्यास मातृभाषकही ते चुकीचे ओळखतात. त्याच्या मूळ परिसरात ऐकविल्यास मात्र ते बिनचूक ओळखतात. ‘त्सुंग-१ यौ-२ पिंग-३’ (कांद्याच्या पातीची तव्यावरची पोळी) या शब्दातील मधले चढते अक्षर वेगाने बोलताना जवळजवळ सपाट होते, हे निरीक्षण चाओ यांनीही नोंदविलेले आहे.

याचा अर्थ स्पष्ट आहे. ऐकणारा आकृती ऐकत नाही. शेजारची अक्षरे लक्षात घेऊन, बोलणारा कोठे निघाला होता हे तो ताडतो.

४. शिकणाऱ्यांचे सलग बोलणे

शिकणाऱ्यांच्या सलग बोलण्यातील दोषांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले असता त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट अतिपूर्ततेचा. विद्यार्थी प्रत्येक अक्षराला पूर्ण आकृती बहाल करतो. ‘पेइचिंग’ म्हणताना तो ‘पेइ’ वर खाली उतरतो, पुन्हा चढतो आणि मग ‘चिंग’ कडे वळतो. ऐकणाऱ्याच्या कानावर प्रथम चढाव पडतो आणि त्याला हा दुसरा सूर असावा असे वाटू लागते. विद्यार्थ्याने येथे आळस केलेला नाही. शिकविलेले त्याने तंतोतंत पाळले आहे. हलका सूरही याच अतिपूर्ततेत बळी जातो. ‘तुंग-१ शी-१’ म्हणजे पूर्व-पश्चिम. ‘तुंग-१ शी’ म्हणजे वस्तू. दुसऱ्या अक्षराला पूर्ण वजन दिल्याबरोबर ‘वस्तू’ ची दिशा होऊन जाते.

दुसरा गट सुरावलीच्या आक्रमणाचा. सूर नसलेल्या भाषांतही आवाजाचा चढउतार असतो. तेथे तो वाक्याचे काम करतो. विधान संपताना आवाज उतरतो, प्रश्न विचारताना चढतो. शिकणारा ही सवय घेऊन येतो. चिनीमध्ये ‘लू-२’ आणि ‘लू-४’ ही दोन वेगवेगळी आडनावे आहेत. ‘त्यांचे आडनाव लू-२’ असे विधान करताना आवाज सवयीने खाली आला तर ते ‘लू-४’ होते. ‘त्यांचे आडनाव लू-४ का?’ असे केवळ आवाज चढवून विचारले तर ते ‘लू-२’ होते. मातृभाषकांच्या प्रश्नातही आवाजाचा पट्टा वर सरकतो. परंतु पडता सूर तेव्हाही पडताच राहतो, फक्त अधिक उंचीवरून पडतो. मोठी लाट आणि तिच्यावरील तरंग यांचा हा संबंध शिकणाऱ्याला अवगत झालेला नसतो. त्याच्या बोलण्यात लाट तरंगाला गिळून टाकते. ब्रोझलो, हर्टिग व रिंगेन यांच्या १९८७ च्या अभ्यासात इंग्रजी भाषकांना चौथा सूर शब्दगटाच्या शेवटी चांगला ओळखू आला, कारण तो इंग्रजी विधानाच्या उतरत्या शेवटाशी जुळतो. अन्य स्थानी तोच सूर त्यांना कठीण गेला.

तिसरा गट पट्ट्याच्या संकोचाचा. वाक्य लांबले, शब्द आठवताना दम लागला की विद्यार्थ्याचा आवाज मधल्या पायऱ्यांवर घुटमळतो. उंच सूर पुरेसा उंच राहत नाही, नीच सूर पुरेसा नीच होत नाही. चढ आणि उतार यांच्या दिशा बरोबर असूनही वरची आणि खालची टोके हरवल्यामुळे सूर ओळखू येत नाहीत. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या उच्चारांचा अभ्यास करून श्याओनान शेन यांनी १९८९ मध्ये आकृतीपेक्षा आवाजाच्या स्तरावर भर देणारी अध्यापनपद्धती सुचविली, ती याच कारणासाठी महत्त्वाची आहे.

५. संशोधनाच्या मोजमापांविषयी

या क्षेत्रातील संशोधनाने बरेच काही साधले आहे, याबद्दल दुमत नाही. वांग, स्पेन्स, जोंगमन व सेरेनो यांचा १९९९ चा प्रयोग त्याचे उत्तम उदाहरण आहे. दोन आठवड्यांच्या श्रवणसरावाने अमेरिकी विद्यार्थ्यांची सूर ओळखण्याची क्षमता २१ टक्क्यांनी वाढली आणि ती सहा महिन्यांनंतरही टिकून होती. ‘प्रौढ माणसाला सूर शिकता येत नाहीत’ हा समज या प्रयोगाने खोटा ठरविला. परंतु त्यातील सरावाची सामग्री सुट्या, एकाक्षरी शब्दांची होती, ही मर्यादा पुढे त्याचा हवाला देणाऱ्या अनेकांच्या नजरेतून सुटलेली दिसते.

‘कोणता सूर सर्वांत कठीण?’ या प्रश्नाला मिळालेली उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. काही अभ्यासांत दुसरा व तिसरा यांची गल्लत ही मुख्य अडचण ठरते, तर शेन यांच्या विद्यार्थ्यांना पहिला व चौथा अधिक जड गेले. हा विसंवाद संशोधकांच्या हलगर्जीपणातून आलेला नाही. प्रश्नच अपुरा आहे. सूर कोठे आला, त्याच्या आधी व नंतर काय होते, वाक्य विधान होते की प्रश्न, हे सांगितल्याशिवाय ‘चौथा सूर सोपा की कठीण’ याला उत्तर देता येत नाही.

अलीकडील अभ्यासांनी हे ओळखले आहे, ही समाधानाची बाब होय. चुनशंग यांग यांनी २०१६ च्या ग्रंथात शिकणाऱ्यांच्या सूरदोषांची सांगड संपूर्ण वाक्याच्या लयीशी व सुरावलीशी घातली. हांग चांग यांनी २०१८ च्या ग्रंथात इंग्रजी, जपानी व कोरियन भाषकांची तुलना करून, मातृभाषेच्या प्रभावाखेरीज सूरांच्या क्रमावरील सर्वसाधारण ध्वनिबंधनेही दोषांना कारणीभूत असतात असे प्रतिपादन केले. पेल्झल व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास तर विचार करायला लावणारा आहे. प्रगत विद्यार्थी सुटे सूर मातृभाषकांच्या बरोबरीने ओळखत होते. मात्र परिचित द्व्यक्षरी शब्द चुकीच्या सुरात ऐकविला असता ‘असा शब्द नाही’ हे त्यांना खात्रीने सांगता येत नव्हते. सूर ओळखणे आणि सूर हा शब्दाचा अविभाज्य घटक म्हणून स्मरणात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची परीक्षा घेऊन दुसरी साध्य झाली असे मानणे ही या क्षेत्रातील सर्वांत दीर्घायुषी चूक म्हणावी लागेल.

६. पदपाठ, क्रमपाठ आणि संहिता

भारतीय परंपरेला हा प्रश्न अनोळखी नाही. ऋग्वेदाची संहिता म्हणजे संधींसह सलग म्हटलेला पाठ. शाकल्याच्या नावे प्रसिद्ध असलेला पदपाठ म्हणजे प्रत्येक पद सुटे करून म्हटलेला पाठ. दोन्ही पाठांत स्वरही तेच राहत नाहीत. उदात्तानंतर येणारा अनुदात्त स्वरित होतो, असे पाणिनीने सांगितले आहे. म्हणजे एका अक्षराचा स्वर शेजारच्या अक्षरावर अवलंबून असल्याची स्पष्ट जाणीव त्या शास्त्राला होती. पदपाठ आणि संहिता या दोहोंच्या मधले रूप असलेला आणखी एक पाठ होता, ही त्याहून उद्बोधक गोष्ट आहे. तो म्हणजे क्रमपाठ. त्यात पहिले व दुसरे पद जोडून, मग दुसरे व तिसरे, मग तिसरे व चौथे अशी पदे दोन-दोन करून, त्यांच्यातील संधींसह म्हटली जात.

वैदिक स्वर आणि चिनी सूर एकाच जातीचे नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. वैदिक पदात सामान्यत: एकच उदात्त असतो, चिनीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला स्वत:चा सूर असतो. बौद्ध ग्रंथांच्या पठणातून आलेल्या वैदिक स्वरांच्या जाणिवेमुळे चिनी विद्वानांना आपले चार सूर मोजता आले, असा तर्क छन यिन्ख यांनी १९३४ मध्ये मांडला होता. तो पुढे वादग्रस्त ठरला. प्रस्तुत विवेचन त्यावर आधारलेले नाही. येथे साम्य शिकविण्याच्या पद्धतीपुरते आहे.

चिनीच्या वर्गात पदपाठ आहे आणि संहिताही आहे. उणीव आहे ती क्रमपाठाची. चार सूर आणि त्यांच्यामागून येऊ शकणारे चार सूर अधिक हलका सूर असे धरल्यास वीस जोड्या होतात. तिसरा-तिसरा ही जोडी उच्चारात दुसरा-तिसरा या जोडीत मिसळत असल्याने कानाला एकोणीसच उरतात. हे काम अमर्याद नाही. एकोणीस जोड्या प्रत्यक्ष शब्दांतून घोटून घेता येतात आणि अर्धा तिसरा सूर, हलक्या सुराची बदलती उंची, संधी हे सर्व त्यांत आपोआप येते. अनेक अनुभवी शिक्षक हे करतातही. परंतु अभ्यासक्रमात त्याला चार आकृत्यांनंतरच्या परिशिष्टाचे स्थान मिळते.

वर्गात सांगितल्या जाणाऱ्या एका विनोदावरून हे दिसून येते. ‘श्वेइ-३ च्याव-३’ म्हणजे उकडलेल्या करंज्या आणि ‘श्वेइ-४ च्याव-४’ म्हणजे झोपणे. उपाहारगृहात विद्यार्थ्याने करंज्या मागविल्या आणि प्रत्यक्षात तो झोप मागून बसला, अशी ती गोष्ट असते. ‘तिसरा सूर म्हणायला हवा होता’ असे तिचे तात्पर्य सांगितले जाते. परंतु करंज्यांचे नाव कोणीही दोन तिसऱ्या सुरांत उच्चारीत नाही. ते दुसरा-तिसरा असे उच्चारले जाते. चूक समजावण्यासाठी सांगितलेली गोष्टच सुट्या सुरांच्या भाषेत सांगितली जाते.

७. चूक कशाला म्हणावे?

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. मातृभाषकही सलग बोलताना सूर मोडतात आणि शिकणारेही मोडतात. मग शिकणाऱ्यांच्या चुकांना चुका म्हणण्याचे कारण काय? सर्वच क्षम्य ठरेल.

तसे नाही. दोघांच्या ध्वनिफितींतून निघणारी वक्ररेषा कधी कधी सारखी दिसली तरी तिच्यामागील कारण वेगळे असते. मातृभाषक विशिष्ट लक्ष्याकडे निघालेला असतो आणि वेळेअभावी तेथे पोहोचत नाही. तो कोठवर पोहोचेल हे शेजारच्या सुरांवरून सांगता येते, आणि म्हणूनच ऐकणारा उरलेली वाट मनाने पुरी करतो. शिकणाऱ्याच्या मनात लक्ष्यच नसते, किंवा वाक्याच्या सवयीने त्याची जागा घेतलेली असते. त्याचे विचलन शेजारच्या सुरांशी जुळत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला मागे वळून वाट शोधता येत नाही. पहिला अपुरेपणा आहे, दुसरा अभाव आहे.

यावरून मूल्यमापनाचा एक निकष सुचतो. त्या स्थानी, त्या शेजारात, ऐकणाऱ्याला मूळ सूर ओळखण्यासाठी जे आवश्यक ते उच्चारात आले का, हे पाहावे. ‘पेइचिंग’ मधील ‘पेइ’ खाली जाऊन खालीच राहिला तर तो पूर्ण गुणांचा उच्चार आहे. त्याला चढती शेपटी नाही म्हणून गुण कापणे अन्यायाचे होय. उलट शेपटीसह उच्चारलेला ‘पेइ’ आकृतीप्रमाणे ‘शुद्ध’ असला तरी सलग बोलण्यात दोषपूर्ण आहे. या निकषाने काही विद्यार्थ्यांचे गुण वाढतील, तर सुटे सूर घोकून प्रशस्ती मिळविणाऱ्या काहींचे घटतील.

सुट्या सुरांची गरज संपते असा याचा अर्थ नाही. शब्द स्मरणात ठेवण्यासाठी, शब्दकोश पाहण्यासाठी आणि संधी कोठे होणार हे ओळखण्यासाठी मूळ सूर ठाऊक असणे अनिवार्य आहे. ‘नी-३’ ठाऊक नसेल तर ‘नी-२ हाव-३’ का होते हे कळणार नाही. पदपाठ हा संहितेचा आधार आहे; त्याला संहिता समजणे एवढेच टाळावयाचे आहे.

८. मराठी भाषक अध्ययनार्थी

वर उल्लेखिलेले बहुतेक प्रसिद्ध अभ्यास इंग्रजी भाषकांवर झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष मराठी भाषकांना जसेच्या तसे लागू करणे योग्य होणार नाही. व्यंजनांच्या बाबतीत मराठी भाषक सुदैवी आहे. चिनीतील ‘प-फ’, ‘त-थ’, ‘क-ख’ या अल्पप्राण-महाप्राण जोड्या इंग्रजी भाषकाला कष्टाने शिकाव्या लागतात. त्या मराठी मुलाला बाराखडीबरोबरच मिळालेल्या असतात. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील दोन वेगळे ‘च’ उच्चारणाऱ्या जिभेला चिनीतील दंततालव्य भेदही परका वाटत नाही.

सुरांच्या बाबतीत मात्र हा वारसा मदतीला येत नाही. पंजाबी किंवा मिझो भाषकाला आपल्या भाषेतील सुरांची सवय असते. मराठीत आवाजाची उंची शब्दाचा अर्थ बदलत नाही. ‘तू जेवलास’ हे विधान आणि ‘तू जेवलास?’ हा प्रश्न यांतील फरक आपण केवळ शेवट चढवून करतो. हीच सवय ‘लू-४’ चे ‘लू-२’ करते. चिनीत असा प्रश्न विचारण्यासाठी वाक्याच्या शेवटी हलक्या सुरातील ‘मा’ हे अव्यय जोडण्याची सोय आहे. आपल्या ‘का’ शी त्याचे कार्य जुळते. प्रारंभीच्या काळात मराठी विद्यार्थ्याने प्रश्नाचा भार आवाजावर न टाकता या अव्ययावर टाकावा, ही साधी सूचनासुद्धा त्याचे अनेक सूर वाचवू शकेल. आपल्या भाषेच्या कोणत्या सवयी उपकारक आणि कोणत्या बाधक आहेत हे मराठीच्या सुरावलीचा अभ्यास करूनच ठरवावे लागेल. ते काम अमेरिकी विद्यार्थ्यांवरील निष्कर्षांच्या भाषांतराने होणारे नाही.

९. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. चार सुरांच्या आकृत्या हे सुट्या अक्षरांचे वर्णन आहे. सलग बोलण्याचा तो मानदंड नव्हे. शिकणाऱ्यांचे अनेक दोष हे त्या आकृत्या न पाळल्याने होतात, तसे काही दोष त्या अवाजवी निष्ठेने पाळल्यानेही होतात. एकाक्षरी चाचण्यांतील यश सलग बोलण्यातील यशाची ग्वाही देत नाही. सुट्या सुरांपासून वाक्याकडे जाताना सूरजोड्यांचा मधला टप्पा अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणणे आवश्यक आहे, आणि मूल्यमापनही त्या टप्प्यापासून सुरू झाले पाहिजे.

या प्रश्नाला मानवी बाजूही आहे. सूर चुकले की विद्यार्थ्याला ‘तुला कान नाही’ असे सहज सांगितले जाते आणि तोही ते खरे मानून गप्प बसू लागतो. ज्याने पुस्तकातील चारही आकृत्या इमानाने गिरविल्या, त्याच्या कानाला दोष देण्यापूर्वी त्या कानावर आपण काय घातले याचा विचार अध्यापकांनी करणे न्यायाचे ठरेल.